शेवाळ उन्हाळा कसे काढते?

लातूर जिल्ह्यात पावसाळ्यात ओलसर जमिनीवर निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर येतो. उन्हाळ्यात तो वाळून पापडीसारखा होतो; तथापि त्यातील सर्व पेशी मरत नाहीत.

हे शेवाळ वस्तुतः जिवाणूंच्याच कुळातील होय. त्याच्या पेशीत प्रत्येक प्रथिन घडविण्याची सूचना जनुकांत साठविलेली असते. उष्णतेपासून रक्षण करणाऱ्या काही प्रथिनांची जनुके एरवी एका रोधक प्रथिनामुळे दबलेली असतात. उष्णता वाढताच हा रोध सुटतो. मग नेहमीच्या अनेक प्रथिनांची निर्मिती मंदावते व इतर प्रथिनांची बिघडलेली घडी सावरणारी रक्षक प्रथिने विपुल तयार होतात. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की, ॲनाबिना या शेवाळात उष्णता, क्षार व पाण्याचा ताण यांसमयी निर्माण होणारी काही प्रथिने समान, तर काही निरनिराळी असतात.

अशा गुणांमुळेच वाळवून ठेवलेले शेवाळ-खत भातखाचरात पुन्हा जोम धरते. मात्र हवेतील नत्र स्थिर करण्यास त्याला पाणी हवेच. यास्तव जिरायत पिकांसाठी शेतकरी बंधूंनी त्यावर विसंबू नये. पेरणीपूर्वी सोयाबीनच्या बियाण्यास रायझोबियम व ज्वारीच्या बियाण्यास ॲझोटोबॅक्टर चोळावे.