संगणकातील माणूस : ठराविक आकृत्याच लोकप्रिय का होतात?

चित्रकलेत सर्वांत अवघड काय, असे विचारले तर बहुतेक कलाशिक्षक 'मनुष्याकृती' असेच उत्तर देतील. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना स्मरणचित्र काढताना हा अनुभव येतोच. समोर तासन्‌तास माणूस बसवून रेखाटन करणे मोठ्या कला महाविद्यालयांना जमते. जळगाव-धुळ्याकडील खेड्यातल्या हौशी चित्रकाराला ते शक्य नसते. त्याची ही गरज आता संगणकातील मानवाकृती भागवू शकते. म्हणून तिची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वी चित्रकार सांधे हलणारी लाकडी बाहुली समोर ठेवीत. तिची जागा घेणारा 'पोझर' हा प्रोग्रॅम लॅरी वाइनबर्ग यांनी तयार केला व तो १९९५ साली बाजारात आला. पुढे 'डॅझ' या अमेरिकन कंपनीची 'व्हिक्टोरिया' ही स्त्रीची आणि 'मायकेल' ही पुरुषाची आकृती गाजली. अशा आकृतीत हजारो बारीक पृष्ठभाग जोडून शरीर घडवलेले असते, आत हाडांचा सांगाडा असतो आणि वर त्वचेचे चित्र चढवलेले असते. सांधा वळवला की हातपाय हलतात.

आकृती सुंदर असली की लोकप्रिय होते, असा समज आहे. पण तो अपुरा आहे. पहिले कारण किमतीचे. मूळ आकृती पुष्कळदा फुकट मिळते. पैसे पडतात ते कपडे, केस व दागिने यांचे. दुसरे कारण सोपेपणाचे. शरीरशास्त्र न शिकलेल्यालाही ती हवी तशी उभी करता येते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. एका आकृतीसाठी बेतलेला कपडा दुसरीच्या अंगावर सहसा नीट बसत नाही. त्यामुळे जिला वापरणारे अधिक, तिच्यासाठीच कपडे करणारेही अधिक. आणि कपडे अधिक म्हणून वापरणारे आणखी वाढतात. आठवडे बाजाराचाही हाच न्याय आहे : गिऱ्हाईक तिथे दुकान, आणि दुकाने तिथे गिऱ्हाईक. व्हिक्टोरियाची चौथी आवृत्ती २००६ ची. एकाच शरीरातून स्त्री, पुरुष व मूल घडवणारी 'जेनेसिस' २०११ मध्ये आली, तरी अनेक हौशी कलावंतांनी जुनी व्हिक्टोरिया सोडली नाही. तिच्यासाठी जमवलेले कपाटभर कपडे कोण टाकून देणार?

येथेच आपला प्रश्न सुरू होतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला २० मार्च १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह रंगवायचा आहे. त्याला तयार मिळतात ते पाश्चात्त्य झगे, चिलखते व तलवारी. लुगडे, धोतर, मुंडासे शोधूनही क्वचितच सापडते. शिवलेला कपडा शरीराबरोबर वळवणे सोपे असते. लुगड्याच्या निऱ्या मात्र प्रत्येक हालचालीत बदलतात. मांडी घालून बसवले की जुन्या आकृत्यांच्या मांड्या व गुडघे चेपून विद्रूप दिसतात. यात कोणाचा कट नाही. ज्यांनी आकृत्या केल्या, त्यांनी आपल्या भोवतालची माणसे व आपल्या आवडीच्या कथा डोळ्यांपुढे ठेवल्या. पण जे तयार मिळते तेच चित्रात उतरते, आणि ज्यांचे कपडे कोणी केले नाहीत ती माणसे चित्राबाहेरच राहतात.

जळगावपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याला आपण जातो. तेथील भिंतींवर सावळी माणसे आहेत, गोरी आहेत. राजे आहेत, सेवक आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची त्रिभंगातील उभी आकृती जगाला ठाऊक आहे. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. आपल्याच मातीतील नमुन्यावर हात बसवण्याची ती मोठी शाळा होती.

तेव्हा करावयाचे काय? 'मेकह्यूमन' हा प्रोग्रॅम विनामूल्य आहे. वय, उंची, बांधा व चेहरेपट्टी त्यात बदलता येते. 'ब्लेंडर'ही विनामूल्य असून त्यात कपडे घडवता येतात. आधी पेन्सिलीने हात तयार करावा, मग संगणकाची मदत घ्यावी. खानदेशातील एखाद्या विद्यार्थ्याने एक चांगले लुगडे घडवून सर्वांना मोफत दिले, तर ते नेसणारी आकृतीही उद्या लोकप्रिय होईल. दुसऱ्याने एखादे मुंडासे करावे. त्या चित्रातील चवदार तळ्याचा काठ मग आपल्या माणसांनी भरेल.