माळवद वाचवायचं तर

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर कुंभारी येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव देशाला माहीत झालं ते नव्या घरांमुळे. विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने इथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि 2006 साली घरांच्या चाव्या बायकांच्या हाती पडल्या. त्यानंतर रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला झालं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं मोर्चे काढून हे घडवलं. जन्मभर भाड्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या बाईच्या नावावर घर होणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण याच पट्ट्यातल्या कुठल्याही गावच्या जुन्या गावठाणात शिरा. तिथे उलटा प्रकार चाललेला दिसतो. शंभर-दीडशे वर्षं उभी असलेली माळवदाची घरं जेसीबीच्या एका फेरीत आडवी होताहेत. नवं घर बांधायला योजना आहे, कर्ज आहे, पुढारी आहे. जुनं घर राखायला मात्र फक्त त्या घरातली माणसं आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांच्यातलंही एखादंच.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. कोकणात ते एक पावसाळाही टिकणार नाही. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या कमी पावसाच्या मुलखात ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. घर बांधणाऱ्याला इथे पावसापेक्षा उन्हाची धास्ती जास्त. म्हणून दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि डोक्यावर मातीचा जाड थर. भर वैशाखात दुपारी अशा घराच्या सोप्यात बसून पाहावं. बाहेरची आग आत पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते.

हे छप्पर रचतात कसं ते नीट पाहिलं की त्याची अक्कल कळते. दगडी तळखड्यावर लाकडी खांब उभा राहतो. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घराचं माप खणांतच सांगायचं, पाच खणी घर, सात खणी घर. कड्यांवर लाकडाच्या आखूड पट्ट्या म्हणजे किलचा दाटून बसवतात. त्यावर तुरीच्या काड्या आणि निंबाचा पाला येतो. पाल्यामुळे माती खाली गळत नाही आणि कीड लांब राहते. मग भुसा घालून तुडवलेला चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती खारी असते. पहिल्या सरींनी ती फुगते, भेगा आपोआप मिटतात आणि पाणी वरच्या वर पन्हळीकडे निघून जातं. खारेपणामुळे तिच्यावर गवतही सहसा धरत नाही. गवत महत्त्वाचं, कारण गवताचं मूळ जिथून खाली जातं तिथूनच पाणी शिरतं.

घरातला उजेड वरून येतो, छपरात ठेवलेल्या साण्यातून. पाऊस आला की साण्यावर झाकण टाकायचं. अनेक घरांत बळद असायचं, म्हणजे धान्याची बंद कोठी. खळ्यावरून आलेली ज्वारी माळवदावर चढवायची आणि तिथल्या भोकातून थेट बळदात सोडायची. उन्हाळ्यात त्याच माळवदावर कुरडया-पापड वाळायचे आणि रात्री सगळं घर वर झोपायला यायचं. लग्नाच्या याद्या, भावकीची भांडणं, म्हाताऱ्यांच्या आठवणी, सगळं चांदण्यात तिथेच व्हायचं.

हे घर दरवर्षी हात मागतं. मृगाआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायची, चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, भिंतीच्या कडेला पाणी तुंबत नाही ना ते पाहायचं. एका वर्षाची हयगय चालते, तीन वर्षांची चालत नाही. पाणी झिरपून तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी पोचतं. तिथे हवा नाही, उजेड नाही, आणि वाळवीला नेमकं तेच हवं असतं. बाहेरून ठणठणीत दिसणारी तुळई त्या वीतभर टोकात पोकळ झालेली असते.

काळजी घेणाऱ्यांच्या हातूनही एक चूक पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. नवी माती टाकताना जुनी काढायची असते, ती बहुतेकांनी काढली नाही. थरावर थर चढत गेले. फूटभराचं माळवद दीड-दोन फुटांचं झालं. साधा हिशेब करा. अर्धा मीटर जाडीच्या मातीच्या एका चौरस मीटरचं वजन सुमारे आठशे ते नऊशे किलो भरतं. आजच्या पाच इंची काँक्रीट स्लॅबचं वजन तेवढ्याच जागेत तीनशे किलोच्या आसपास. स्लॅबच्या जवळजवळ तिप्पट ओझं त्या लाकडांवर बसलेलं होतं.

त्याची किंमत 30 सप्टेंबर 1993 ला मोजावी लागली. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली सापडले. सोलापूर जिल्ह्यातही त्या पहाटे लोक अंगणात आले आणि पुढचे कित्येक दिवस घरात झोपायला धजावले नाहीत. माळवदाबद्दलची माया त्या दिवशी भीतीत बदलली. ती भीती खोटी होती असं कुणीही म्हणू नये.

मात्र त्या भूकंपानंतर अभियंत्यांनी जे पाहिलं ते गावोगाव पोचायला हवं होतं, आणि ते पोचलं नाही. त्या रुंद भिंती खरं तर दोन पातळ भिंती होत्या. बाहेरचा दगडाचा थर, आतला दगडाचा थर आणि मध्ये माती-गोट्यांचा भराव. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच भिंत उभी फाटली, दगड सुटले आणि भिंतीवर टेकलेलं जड छप्पर खाली आलं. जिथे छपराचा भार भिंतीऐवजी लाकडी खांबांवर होता, तिथे पुष्कळदा भिंती कोसळूनही सांगाडा उभा राहिला. दगड, माती आणि लाकूड यांच्या माथी दोष मारून उपयोग नाही. छपराचं वाढलेलं वजन आणि भिंतीतले न बांधलेले थर, माणसं मारली ती या दोघांनी. दोन्हीवर इलाज आहे.

तो इलाज राज्यात होऊनही गेला आहे. पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी हलवली गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या गावांत पडझड कमी होती तिथली लाखाहून जास्त घरं आहे त्याच जागी दुरुस्त आणि मजबूत करण्याचा कार्यक्रम सरकारने राबवला, त्याची मात्र आठवण फारशी कुणाला नाही. छपरावरची माती सात-आठ इंचांवर आणायची, तिच्या आत पाणी अडवणारा प्लास्टिकचा थर घालायचा. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके आधार ठोकायचे. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून, त्यांत लोखंडी सळी आणि काँक्रीट भरून दोन्ही थर एकमेकांना जखडायचे. छपराखाली भिंतीला चहूबाजूंनी जाळीचा पट्टा बांधायचा. गावचा गवंडी आणि सुतार थोड्या मार्गदर्शनावर करू शकतील अशी ही कामं आहेत.

मग घरं का पडतात? माझ्या मते पहिलं कारण वाटणी. चार भावांत घर वाटायचं तर खण वाटतात, दोन थोरल्याला, दोन मधल्याला, तीन धाकट्यांत. कागदावर रेघ ओढली जाते, पण तुळई ती रेघ ओलांडून पलीकडे गेलेली असते. पुण्याला स्थायिक झालेला भाऊ आपले खण पाडून तिथे स्लॅब टाकतो, तेव्हा गावात राहिलेल्या भावाच्या छपराचा एका बाजूचा आधार निघून जातो. उघडी पडलेली भिंत पावसात भिजते. दोन-तीन पावसाळ्यांत त्याचेही खण बसतात. अशा वेळी वहिनी म्हणते, पाडून टाकू, पोरं खाली झोपतात. तिचं काय चुकतं? घर वाचवायला निघालेल्या कुटुंबाचं पहिलं काम म्हणून गवंड्याला बोलावणं नव्हे, सगळ्या भावांना एकत्र बसवणं आहे. जो विकायला निघालाय त्याचा हिस्सा घरातल्याच कुणी घेता येतो का, निदान सांगाडा सामाईक ठेवून आतली वाटणी करता येते का, हे बोलावं. आणि जे ठरेल ते कागदावर यावं.

दुसरं कारण सरकारी व्याख्येत आहे. घरकुल योजनांमध्ये मातीची भिंत आणि मातीचं छप्पर म्हणजे कच्चं घर. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजारांचं अनुदान मिळतं, ते पक्क्या घराच्या बांधकामासाठी. त्याच पैशात भक्कम माळवद दुरुस्त करायची सोय तिथे नाही. ज्याच्या हातात चार पैसे नाहीत तो जुनं पाडून नवं बांधणारच. पडलेल्या घराचं लाकूड घ्यायला व्यापारी टपलेले असतातच. कोरीव खांब आणि चौकटी शहरातल्या हॉटेलांत आणि फार्महाउसांत उभ्या राहतात.

तिसरं कारण चुकीची दुरुस्ती. गळकं माळवद पाहिलं की कुणीतरी सुचवतो, वरून सिमेंट ओता. माती ऊन-पावसाबरोबर फुगते, आक्रसते. सिमेंटला ते जमत नाही. त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. ओलसर माती वर्षभर लाकडाला लगटून बसते. मातीच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला तरी तेच होतं. चांगल्या हेतूने घातलेलं सिमेंट जुन्या घराला हळूहळू आतून कुजवतं.

वारसा म्हणून एखादं घर वाचतं, तेव्हा त्यामागे मोठं नाव असतं. सोलापुरात भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर महापालिकेनं स्मारक म्हणून जपलं. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेला आणि 1942 मध्ये तिथेच जखमी सैनिकांची सेवा करता करता वारलेला हा सोलापूरकर. त्याचं घर राखलं गेलं याचा शहराला सार्थ अभिमान आहे. पण मोठं नावही दरवेळी पुरं पडत नाही. पुण्याचा भिडे वाडा पाहा. जिथे जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 साली मुलींची शाळा काढली तो वाडा वर्षानुवर्षं कोर्टकज्जात अडकला, खिळखिळा झाला आणि डिसेंबर 2023 मध्ये पाडला गेला. तिथे स्मारक होईल, पण त्या मुली ज्या भिंतींच्या आत बसल्या त्या भिंती परत येणार नाहीत. भिडे वाड्याची ही गत, तर कुंभारीच्या आसपासच्या एखाद्या पाच खणी घरासाठी पुरातत्त्व खातं धावून येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. राज्याचा 1960 चा स्मारकांचा कायदा अशा साध्या राहत्या घरांपर्यंत पोचत नाही.

म्हणून ज्यांच्या गावाकडे असं घर अजून उभं आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. जेसीबीवाल्याला फोन करण्याआधी एका खणावरची माती उतरवून पाहा. जुन्या कामाची माहिती असलेल्या सुताराकडून तुळयांची भिंतीतली टोकं टोचून तपासून घ्या. संरचना अभियंत्याला एकदा घर दाखवा. तो धोकादायक म्हणाला तर माणसांचा जीव आधी, घर नंतर. पण बऱ्याचदा दोन-तीन तुळया, थोड्या किलचा आणि पन्हळी बदलल्या, छपरावरचं निम्मं ओझं उतरवलं आणि भिंती बांधून घेतल्या की घर राहतं होतं. पाडायचं ठरलंच, तर आधी खणन्‌खण मोजून नकाशा काढा, प्रत्येक कोनाड्याचे फोटो घ्या आणि हे घर कुणी, कधी, कसं बांधलं ते घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून लिहून घ्या. हे काम या दिवाळीच्या सुटीत, सगळी भावंडं गावी जमतील तेव्हाच उरकून घ्या.