शब्दाने दिलेला चकवा

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. शब्द नेमका वापरावा, असे मी मुलांना नेहमी बजावते. पण गेल्या दिवाळीत एका शब्दानेच मला चकवले. तो शब्द म्हणजे ‘पित्त’.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठली आणि थेट पाठीत, खांद्यापर्यंत गेली. “पित्त झालं असेल,” सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे पित्तावरचा इलाज ठरलेला: मोरावळा, थंड दूध आणि भातावर साजूक तूप. भाऊबीजेपर्यंत मी तूप खात राहिले आणि कळा येतच राहिल्या.

अखेर ह्यांनी मला बळेच डॉक्टरांकडे नेले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितले, “बाई, आपण ज्याला पित्त म्हणतो, ती जळजळ बहुधा जठरातल्या आम्लाची असते. हे पित्त निराळं. ते यकृतात तयार होतं आणि या पिशवीत साठतं. स्निग्ध पदार्थ पोटात गेला की पिशवी आकसते. तोंडाशी खडा अडकलेला असला, तर कळ येते.” मग ते तेल असो, वनस्पती असो, की घरी कढवलेले तूप!

त्यांनी शस्त्रक्रिया सुचवली. मी परीक्षा संपेपर्यंत मुदत मागितली. “पथ्यानं खडे विरघळणार नाहीत, कळा तेवढ्या कमी होतील,” ते म्हणाले. “ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा कळ काही तासांत थांबली नाही, तर पेपर तसेच टाकून इकडे यायचं.”

तळण बंद झाले. फोडणी चमचाभर तेलात. मुगाचे वरण, भाकरी, दुधी, पडवळ आणि साय काढलेल्या दुधाचे ताक. दाण्याचे कूट, खोबरे जपून. चार वेळा थोडे थोडे खायचे. दिवसभर उपाशी राहिले की पित्त पिशवीत साचून दाट होते. त्यामुळे एकादशी सुटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांना ते रुचले नव्हते.

पथ्य अवघड नव्हते. अवघड होता आग्रह. संक्रांतीला एका नातेवाइकांकडे “एवढ्यानं काय होतंय?” म्हणून तुपात भिजलेल्या दोन गुळपोळ्या पानात पडल्या. मला ‘नको’ म्हणवेना. त्या रात्री मी तळमळत होते आणि सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या. पहाटे कळ ओसरली, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझी एकादशी मी धरते. तू वेळेवर जेवत जा.”

मे महिन्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी भारतात ही पद्धत प्रथम केली. चार लहान छेद, आणि तिसऱ्या दिवशी मी घरी. आता पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरते. हळूहळू सारे पचू लागले आहे.

यंदा सासूबाईंनी चिवडा भाजक्या पोह्यांचा केला आहे. वाचकहो, तुमच्या घरीही फराळाला माणसे येतील. कुणी ‘नको’ म्हणाले, तर एकदाच विचारा. त्या एका शब्दामागे कदाचित एक अख्खी रात्र असेल.