पित्तनलिकेतील खडे आणि आघातलहरींचा इलाज

यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ गावांत डोळे पिवळे झाले की प्रथम झाडपाल्याचे औषध देणाऱ्याचे दार गाठायचे, असा रिवाज आहे. आणि विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप उतरत असल्याने त्या औषधाला यशही मिळते. परंतु ज्या काविळीचे मूळ पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यात असते ती पाल्याने हटत नाही. आणि उजव्या बरगडीखाली कळ, हुडहुडी भरून येणारा ताप व कावीळ ही तीन लक्षणे एकत्र आली असता दिवसाचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होऊन पित्तनलिकेवाटे लहान आतड्यात उतरते. एरवी जेमतेम 6 मिलिमीटर रुंद असलेल्या या नलिकेत खड्याने ठाण मांडले की पित्त तुंबते व त्यात जंतूंचा शिरकाव होतो. तोंडावाटे दुर्बीण उतरवून, नलिकेचे मुख किंचित छेदून, तारेच्या जाळीत खडा पकडून काढण्याची रीत 1974 पासून रूढ आहे. मात्र दीड सेंटिमीटरहून मोठा खडा पुष्कळदा जाळीत मावत नाही, आणि तेथेच आघातलहरींचे प्रयोजन उत्पन्न होते.

1980 साली म्युनिक येथे मूत्रपिंडाच्या खड्यावर प्रथम योजलेल्या या लहरी पाणी व मऊ ऊतींतून फारशी इजा न करता जातात. परंतु कठीण खड्याच्या पृष्ठभागी त्यांचा जोर एकवटून त्याला तडे पाडतो. पित्ताचे खडे क्ष-किरणांत सहसा दिसत नाहीत, म्हणून नाकावाटे पित्तनलिकेपर्यंत बारीक नळी ठेवून तीतून रंजकद्रव सोडतात. पडद्यावर खड्याची आकृती उमटली की पाण्याने भरलेली गादी अंगाला भिडवून यंत्राचे ठोके सुरू होतात, आणि उरलेला चुरा पुन्हा दुर्बिणीने काढला जातो.

पांढरकवड्यावरून पैनगंगा ओलांडून जाणारा राजमार्ग ज्या हैदराबादेस पोहोचतो, तेथील एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने 2006 ते 2008 या काळात मोठ्या खड्यांच्या 283 रुग्णांवर हा इलाज केला आणि 239 जणांची नलिका पूर्णपणे मोकळी झाली.

तथापि हा इलाज दुर्बिणीचा सोबती आहे, तिचा पर्याय नव्हे. पित्ताशयातील खड्यांवरही तो 1985 पासून योजला गेला. पण पित्ताशय जागेवर राहिल्याने खडे पुन्हा होत, म्हणून पोटावरील छिद्रांतून दुर्बीण घालून पित्ताशयच काढण्याची शस्त्रक्रिया सरस ठरली. भारतात ती 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी प्रथम केली. आघातलहरींची दुसरी मर्यादा अशी की यकृताच्या आतील शाखांत नलिका आकसलेली असेल, तर ती रुंद केल्यावाचून खडे फोडूनही पुन्हा जमतात.

यवतमाळात 1989 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करून काविळीचे कारण आधी निश्चित करावे, व नलिकेत खडा निघाल्यास शिफारसपत्र घेऊन, दुर्बीण आणि आघातलहरी या दोहोंची तरतूद जेथे एकाच छपराखाली असेल तेथेच रुग्णाची रवानगी करावी. पोट न फाडता बरे होण्याची सोय आज उपलब्ध आहे. तिचा लाभ मात्र वेळेवर दाखल होणाऱ्यालाच मिळतो.