सागराविना विज्ञानकेंद्र

देशातील पहिले कृषि विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी या सागरतीरीच्या नगरीत सुरू झाले. त्याच कुळातील एक केंद्र समुद्रापासून शेकडो मैल दूर, रावेर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या पाल येथे सातपुडा विकास मंडळाच्या कारभाराखाली चालते. विद्यापीठाने सिद्ध केलेले वाण वा तंत्र स्थानिक माती-पाण्यात टिकते की नाही, याची परीक्षा प्रथम शेतकऱ्याच्याच वावरात घ्यावी, मग प्रात्यक्षिक दाखवावे आणि त्यानंतरच उपदेश करावा, हा अशा केंद्रांचा क्रम कचेरीतून सुटणाऱ्या फर्मानांहून आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

रावेर-यावल पट्ट्यात या लोकशिक्षणाचे मोल कुकुंबर मोझॅक विषाणूने पटवून दिले. मावा किडीद्वारे केळीत पसरणाऱ्या ह्या रोगावर औषध नाही. कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे उमटताच झाड समूळ उपटून नष्ट करणे, बांधावरील तण काढणे आणि काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो अशी विषाणूस आश्रय देणारी आंतरपिके टाळणे, हाच मार्ग. तोही एकट्याने अनुसरून फळ नाही, कारण मावा सातबारा वाचत नाही. संपूर्ण शिवाराने एकदिलाने उपाय केले तरच बाग वाचते.

मृगबाग लावणाऱ्यांनी पावसाळ्यात रोपे नित्य न्याहाळावीत आणि संशयास्पद पान दिसताच पालच्या केंद्रास वा जळगावच्या केळी संशोधन केंद्रास विनाविलंब कळवावे.