सिग्नल नेमका कुठे अडतो?

संगणक आणि मॉनिटर यांच्यातला व्यवहार दुतर्फा असतो. संगणक चित्र पाठवतो हे उघड आहे, पण त्याआधी मॉनिटरने स्वतःची ओळख करून द्यावी लागते. आपला आकार किती, कोणकोणती रिझोल्यूशन आपल्याला झेपतात, सेकंदाला किती वेळा चित्र बदलता येते, ही माहिती मॉनिटरमधल्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेली असते. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग जेमतेम 128 बाइटचा. केबल जोडताच लिनक्सचा कर्नल ती वाचतो आणि त्यावरून कोणते चित्र पाठवायचे ते ठरते. बाहेरचा मॉनिटर लावल्यावर येणाऱ्या अडचणी बहुधा या देवाणघेवाणीच्या एखाद्या टप्प्यावरच्या असतात. तो टप्पा शोधण्याआधीच ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्याची घाई मात्र सर्रास होते, आणि त्यात कधी कधी नीट चाललेली यंत्रणाही बिघडते.

सुरुवात संगणकाच्या मागच्या बाजूने करावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या टॉवरला मॉनिटरसाठी दोन ठिकाणी पोर्ट असतात: वर मदरबोर्डचे आणि खाली आडव्या पट्टीत कार्डाचे. कार्ड बसवलेले असताना मदरबोर्डचे पोर्ट बायोसमधून अनेकदा आपोआप बंद होतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यांत तर अंगभूत ग्राफिक्सच नसते, म्हणजे ते पोर्ट कायमचे मुके. त्यानंतर अडॅप्टर पाहावा. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारा साधा अडॅप्टर सहसा चालतो, उलट दिशेला तोच चालत नाही. तिथे सिग्नलचे रूपांतर करणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. दुकानात दोन्ही एकसारखेच दिसतात. यूएसबी-सीचे प्रत्येक पोर्ट चित्र वाहून नेतेच असेही नाही. मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलेले आहे ना, हेही याच वेळी बघून घ्यावे.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर पुढची सगळी दिशा एका प्रश्नावर ठरते: कर्नलला मॉनिटर दिसतो आहे का? याचे उत्तर लिनक्स उघडपणे देतो. मूळ डिरेक्टरीतल्या ‘सिस’मध्ये ‘क्लास’ आणि त्यात ‘डीआरएम’ नावाचे फोल्डर असते. तिथे ग्राफिक्सच्या प्रत्येक पोर्टासाठी एक फोल्डर आणि त्यात ‘स्टेटस’ नावाची फाइल असते. मॉनिटर जोडलेल्या पोर्टाच्या फाइलीत ‘डिसकनेक्टेड’ लिहिलेले असेल, तर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग नाही. केबल, अडॅप्टर किंवा पोर्ट बदलून बघावे. ‘कनेक्टेड’ असेल, तर तारेचे निदान एक टोक नीट आहे. त्या पोर्टाचे फोल्डरच यादीत नसेल, तर ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे.

‘कनेक्टेड’ असूनही 1024 बाय 768 एवढेच फुगलेले, धूसर चित्र मिळत असेल, तर ईडीआयडी पोहोचलेली नसते. जुन्या व्हीजीए केबलवर आणि स्वस्त अडॅप्टरवर हे बऱ्याचदा घडते. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या ‘एक्स’ प्रणालीत ‘सीव्हीटी’ या कमांडने हव्या त्या रिझोल्यूशनचे आकडे काढून ‘एक्सरँडआर’ने ते हाताने शिकवता येतात. मार्ग चालतो, पण केबल बदलणे शक्य असेल तर तेच बरे.

फोर-के मॉनिटरवर माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर ती बहुधा क्षमतेची मर्यादा असते. सेकंदाला 60 वेळा फोर-के चित्र पाठवायला जवळपास 18 गिगाबिटची वाट लागते. एचडीएमआय 1.4 ची क्षमता 10.2 गिगाबिट, त्यामुळे गाडी सेकंदाला 30 चित्रांवर अडते. 2.0 मध्ये ही क्षमता 18 गिगाबिट झाली. त्यापुढच्या 2.1 ची अडचण निराळीच आहे. एएमडीने आपल्या मुक्तस्रोत ड्रायव्हरमध्ये ते आणण्याचा प्रस्ताव मांडला होता, आणि तो 2024 च्या सुरुवातीला हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नाकारला. म्हणून पर्याय असेल तिथे लिनक्सवाल्यांनी डिस्प्लेपोर्टच वापरावे.

ड्रायव्हरचा खरा त्रास जास्त करून एनव्हिडियाच्या कार्डांवर होतो. सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर बसवल्यानंतर रीस्टार्ट होताना एक निळा पडदा येतो आणि सहीची किल्ली नोंदवायला सांगतो. घाईत तो निसटला, की ड्रायव्हर बसवलेला असूनही निकामी राहतो. उबुंटू ‘सेफ ग्राफिक्स’मधून बसवलेले असेल, तर ‘नोमोडसेट’ हा शब्द बूटच्या आदेशात राहून जाऊ शकतो. तो असेपर्यंत दुसरा मॉनिटर लागण्याची आशा धरू नये. अपडेटनंतर बिघाड झाला असेल, तर संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल सुरू करून बघावा. लाइव्ह यूएसबीवर चित्र आले, तर यंत्र ठीक आहे, दोष बसवलेल्या प्रणालीत आहे.

कर्नलला मॉनिटर दिसतो, पण डेस्कटॉप त्याकडे दुर्लक्ष करतो, असेही होते. आजच्या बहुतेक वितरणांत एक्सऐवजी वेलँड चालते (उबुंटूत 21.04 पासून), आणि तिथे ‘एक्सरँडआर’ची मात्रा लागू पडत नाही. जुने सल्ले निष्फळ ठरतात ते यामुळेच. ग्नोम हा डेस्कटॉप आपली मांडणी घरच्या डिरेक्टरीतल्या ‘कॉन्फिग’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये ‘मॉनिटर्स’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत जपून ठेवतो. ती बाजूला हलवून पुन्हा लॉगिन केले, की जुनी मांडणी विसरली जाते.

टीव्ही मॉनिटर म्हणून लावल्यावर चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर लिनक्सला दोष देण्याआधी टीव्हीच्या मेनूतले ओव्हरस्कॅन बंद करावे. काळा रंग राखाडी दिसत असेल, तर रंगांची मर्यादित आणि पूर्ण कक्षा यांची गल्लत झालेली असते. दोन्ही बाजूंना एकच कक्षा ठेवली की रंग जागेवर येतात.