महाड-पोलादपूर परिसरातील रानबदकांचे स्थलांतर

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे दोन तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेले आहेत. या परिसरात काही रानबदके वर्षभर राहतात, तर काही हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. दोन्ही प्रकारच्या बदकांची ये-जा हवामान, उथळ साचलेले पाणी आणि खाद्य या तीन गोष्टींवर अवलंबून असते. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही हिवाळी बदकांचे मोठे थवे घाटाच्या पलीकडे, कमी पावसाच्या दख्खन पठारावर उतरतात. या विसंगतीचे कारण पावसाच्या प्रमाणात नसून पाणी कोठे, किती खोल आणि कोणत्या महिन्यात उरते यात आहे.

== स्थलांतराची प्रेरणा ==

भारतात येणारी बहुतेक हिवाळी बदके मध्य आशिया, सायबेरिया, तिबेट व लडाख या प्रदेशांत वीण करतात. वीण संपल्यावर त्यांची उड्डाणपिसे एकाच वेळी गळून पडतात व तीन ते चार आठवडे ती उडू शकत नाहीत. नवी पिसे आल्यानंतर ती अधाशीपणे खाऊन अंगात चरबी साठवतात. लांबच्या प्रवासाचे इंधन ही चरबीच असते.

निघण्याची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरते. दिवस लहान होऊ लागले की शरीरातील संप्रेरके बदलतात व पक्षी अस्वस्थ होतात. मात्र नेमके कोणत्या रात्री उडायचे हे हवामान ठरवते. थंड हवेची लाट पुढे सरकल्यावर आकाश निरभ्र होते आणि वारा उत्तरेकडून वाहू लागतो, तेव्हा थवे एकदम निघतात. तळी गोठली की खाद्य बर्फाखाली जाते व मागे राहिलेल्यांनाही जागा सोडावी लागते. याउलट शरद ऋतू उबदार गेला आणि अन्न मिळत राहिले, तर हीच बदके कित्येक दिवस रेंगाळतात.

सर्व जातींचे वेळापत्रक एकसारखे नसते. नराच्या डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेले गार्गनी हे बदक सर्वांत आधी, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये भारतात पोहोचू लागते आणि परतताना उशिरापर्यंत थांबते. चक्रांग, थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक प्रामुख्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. हिमालय ओलांडताना चक्रवाक ६,००० मीटरहून अधिक उंचीवर उडत असल्याचे उपग्रह-यंत्रांच्या साहाय्याने नोंदवले गेले आहे.

== भूरचना आणि पाणी ==

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. रायगड किल्ल्याच्या बाजूने येणारी काळ आणि महाडजवळची गांधारी या तिच्या उपनद्या होत. डोंगरमाथा ते सपाटी हे अंतर अतिशय थोडे असल्याने पावसाळ्यात पाणी वेगाने खाली येते व तितक्याच वेगाने समुद्राकडे जाते. पोलादपूरकडील ओढे-नाले दगडगोट्यांचे आहेत. त्यांत चिखल टिकत नाही आणि पाणवनस्पतीही रुजत नाहीत. पावसाळा ओसरला की अनेक ओढे काही महिन्यांत कोरडे पडतात. कोकणात सह्याद्रीलगतच्या अशा पट्ट्याला वलाटी म्हणतात. बदकांच्या दृष्टीने वलाटी ही ओली असूनही उपाशी ठेवणारी भूमी आहे.

याचे कारण बदकांच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. चक्रांग, गार्गनी, तलवार बदक ही पृष्ठभागावर चरणारी बदके आहेत. ती बुडी न मारता डोके व मान पाण्यात घालून, शेपटी वर करून तळातील बिया, कंद व किडे वेचतात. मान पोहोचेल तेवढेच पाणी त्यांच्या उपयोगाचे, म्हणजे लहान जातींसाठी जेमतेम वीतभर. थापट्या आपल्या पसरट चोचीच्या कडेवरील दातेरी झालरीतून पाणी गाळून सूक्ष्म जीव खातो. त्यालाही संथ, गढूळ, उथळ पाणीच लागते. वाहत्या नदीत किंवा दगडी काठाच्या बांधीव तळ्यात यांपैकी काहीच मिळत नाही. महाड शहरातील चवदार तळे इतिहासात अढळ स्थान मिळवून आहे, पण रानबदकांना चरण्यासारखी उथळ कड त्याला नाही.

महाडच्या खालच्या अंगाला चित्र बदलते. भरतीचे पाणी खाडीतून दासगाव-महाडच्या दिशेने वर चढते. नदी येथे रुंदावते, गाळाची बेटे व चिखलाचे काठ तयार होतात. स्थलांतरित बदकांना दिवसा विसावण्यासाठी या खोऱ्यात त्यातल्या त्यात सोयीची जागा हीच. सावित्रीच्या याच भागात मगरींचीही वस्ती असल्याने तो विसावा अगदी निर्धास्त नसतो.

== भातशेती व खाद्य ==

पावसाळ्यात महाड-पोलादपूरची भातखाचरे हीच येथील सर्वांत मोठी उथळ पाणथळ जागा असते. तिचा खरा लाभ स्थानिक बदकांना मिळतो. अडई हे शीळ घालणारे तपकिरी बदक झाडांच्या ढोलीत किंवा दाट गवतात अंडी घालते आणि बहुधा रात्री खाचरांत चरते. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल रंग असलेले हळदी-कुंकू बदकही पाऊस सुरू झाल्यावर वीण करते. पिल्लांना वाढीसाठी प्रथिने लागतात, ती खाचरांतील किडे, गोगलगायी व अळ्यांतून मिळतात.

उत्तरेकडील पाहुण्यांचे गणित मात्र भाताच्या जातींशी जुळावे लागते. हळवे भात लवकर तयार होते आणि सप्टेंबरअखेरीपासून कापले जाते, निमगरवे त्यानंतर, तर गरवे भात नोव्हेंबरपर्यंत उभे असते. कापणीपूर्वी खाचरातील पाणी काढून टाकतात. चक्रांग व तलवार बदके येतात तोवर शेतात सांडलेले दाणे असतात, पण पाणी नसते. पुढे त्याच ओलीवर वाल पेरला जातो आणि जमीन आणखी कोरडी होते. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते. परतीचा पाऊस लांबला तर शेतकऱ्याचे कापलेले भात भिजून नुकसान होते, मात्र खोलगट खाचरांत पाणी राहून बदकांना काही आठवडे चारा मिळतो.

== पठाराशी तुलना ==

महाडहून वरंध घाटाने किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेल्यावर पावसाचे मान पूर्वेकडे झपाट्याने घटते. नद्या संथ होतात आणि मोठी धरणे लागतात. भीमेवरील उजनी, पैठणजवळील जायकवाडी व निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर ही हिवाळी बदकांची महाराष्ट्रातील प्रसिद्ध ठिकाणे आहेत. नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. राज्यातील ते पहिले रामसर स्थळ होय. या जलाशयांत गाळ साचलेला आहे, पाणवनस्पती आहेत आणि हिवाळाभर पाणी हळूहळू उतरत असल्याने नवनवी उथळ कड उघडी पडते.

तेथेही पाऊस आणि बदके यांचे नाते सरळ नाही. उजनी काठोकाठ भरले की उथळ भाग बुडतात व चरणारी बदके इतरत्र विखुरतात. दुष्काळी वर्षी लहान तलाव आटल्यामुळे उरलेल्या मोजक्या पाण्यावर ती दाटीने जमतात. पाहणाऱ्याला बदके वाढल्यासारखी वाटतात, प्रत्यक्षात त्यांना जागा कमी पडलेली असते. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेचे आकडे वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

== शिकारीचा हंगाम आणि कायदा ==

जुन्या शिकाऱ्यांना हवामान व खाद्याचे हे नाते चांगले ठाऊक होते. स्टुअर्ट बेकर यांचा भारतीय बदकांवरील १९०८ चा ग्रंथ पक्षिशास्त्राइतकाच शिकारीच्या परंपरेतूनही आलेला आहे. थंडीची पहिली चाहूल, कोणत्या तळ्यात पाणी उरले आणि कोठे भात पिकले यांवर हंगामाचे आडाखे बांधले जात. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना बंदीचा काळ जाहीर करण्याचा अधिकार दिला आणि त्याच्या यादीत बदकांचाही समावेश होता. बंदीच्या काळाचा मुख्य हेतू वीण वाचवणे हा असे. हिवाळी बदके मात्र वीण करून, चरबी साठवून, नेमकी खुल्या हंगामातच येत. भरतपूर येथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकार संपुष्टात आली. त्यामुळे महाराष्ट्रात बदकांच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम आज अस्तित्वात नाही. रानबदक पकडणे, मारणे किंवा त्याची अंडी काढणे हा गुन्हा आहे. युरोपातील अनेक देशांत व उत्तर अमेरिकेत अशी शिकार अद्याप कायदेशीर असून उत्तर अमेरिकेत हंगामापूर्वी पक्ष्यांची गणना आणि तळ्यांची पाहणी करून मर्यादा ठरवल्या जातात.

== सद्यस्थिती ==

जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहराचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ व बेटे काढण्याचे काम हाती घेण्यात आले. पुराचे पाणी लवकर वाहून जावे ही शहराची रास्त गरज आहे. परंतु बदके विसावतात ती उथळ कड याच गाळाची बनलेली असते. त्यामुळे कोणता गाळ, कोठून आणि कोणत्या महिन्यात काढला जातो याला महत्त्व येते. पुराच्या प्रवाहाला अडथळा न होणारे काठ तसेच ठेवणे आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात खाडीकडील भागात यंत्रांचा वावर मर्यादित राखणे हे त्यातील शक्य मार्ग आहेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. तेथील सांडपाण्याचा प्रश्न थेट चिखलातील किडे व शिंपल्यांशी, म्हणजेच बदकांच्या खाद्याशी निगडित आहे. पडीक राहू लागलेली खाचरे हा आणखी एक बदल होय. बांध फुटलेल्या खाचरात पावसाचे पाणी थांबत नाही आणि अडईचे चरण्याचे क्षेत्र तेवढे घटते.